पुतण्या येऊन राहिला होता

थांबा. हे मला आत्ताच सांगायचंय. उद्यावर टाकलं तर मी ते नीट घडी घालून सांगेन आणि मग त्यातला जीव जाईल. तर ऐका. आज दुपारी, अकोल्यात, कूलरच्या तोंडाशी बसून, मी आणि मामीनं बारा वर्षांपूर्वीच्या एका खुनाचा छडा लावला. खुनी कोण ते तेव्हाच पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापलेलं होतं, पण आम्हाला ते मान्य नव्हतं. बारा वर्षं आम्ही एका खुन्याला निर्दोष समजून त्याची काळजी केली. का, ते सांगते, पण आधी मामी सांगावी लागेल.

मामी म्हणजे माझ्या आईच्या मोठ्या भावाची बायको. मामाजींचं अकोल्यात हार-फुलांचं दुकान आहे, आणि दुकानातले सगळे हार मामी घरी बसून ओवते. त्यांना मूलबाळ नाही, हे मी एकदाच लिहिते, कारण त्या घरात ते कोणी दोनदा बोलत नाही. चार दिवसांपूर्वी मामीच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पार पिकला होता. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केला तुम्ही, आता सूज उतरेल तसं कळेल किती दिसतं ते, आणि उजवाही तसाच पिकलाय, महिन्याभरात तोही करा, ह्यावेळी थांबू नका. मामीनं मान हलवली आणि घरी येताना ऑटोत मला म्हणाली, दुसरा दिवाळीत पाहू. 'पाहू' म्हणाली वर. माझं रविवारचं पुण्याचं तिकीट काढलेलं होतं, हे तिला माहीत होतं. मी गेले की दिवसातून सहा वेळा थेंब कोण घालणार, मामाजींचा हात थरथरतो, आणि ते पहाटेच दुकानात जातात. ती कोणाला म्हणणार नाही की थांब. ती दिवाळी म्हणेल.

तर मे महिना. अकोल्याचा मे महिना ज्यानं अंगावर घेतलाय त्याला मी काही सांगायची गरज नाही, आणि ज्यानं नाही घेतला त्याला सांगून कळणार नाही. अकरा वाजले की रस्ता रिकामा. चपलेतून डांबर चटकतं. खिडकीला ओली गोणी, दाराला ओली गोणी, आत पिवळट अंधार आणि कूलरमधल्या वाळ्याचा वास. ह्या वेळी मी घरात पाय ठेवला आणि तो वास आला ना, तर मी एकदम चोवीसची बारा झाले. अक्षरशः. खांद्यावरची लॅपटॉपची बॅग मला वांग्याची पिशवी वाटली.

कारण तेव्हा पिशवी वांग्याचीच असायची. आमचं वलगावला भाजीपाल्याचं आहे, अमरावतीच्या बाजाराला रोजचा माल. मे लागला, शाळेचा निकाल लागला, की बाबा मला अमरावतीच्या स्टँडवर अकोल्याच्या एसटीत बसवायचे, मांडीवर वांगी, पायाशी गवार, आणि कंडक्टरला सांगायचे, पोरीवर ध्यान ठेवा. मूर्तिजापूरला बस थांबली की मी समोरच्या टपरीवरून मामीला फोन लावायची.

"कुठं हायेस व?"

"येऊन राहिली, मामी."

एवढंच. मग ती चहा नाही, पन्हं करून ठेवायची, आणि वाचनालयातून दोन पुस्तकं आणलेली असायची. दोन्ही रहस्यकथा. दुसरं काही मामीला चालायचं नाही. एकदा चुकून कोणाचंतरी चांगलं, गंभीर, घरातल्या दुःखांचं पुस्तक आलं, तर वीस पानांनंतर मामीनं विचारलं, यात मरते कोन? मी म्हटलं, कोणीच नाही बहुतेक. ती म्हणाली, मंग येवढे रडून काहून राहिले, ठेव बाजूले.

वाचायचं मी, मोठ्यानं. कारण मामीचे हात मोकळे नसायचे. मे म्हणजे लग्नसराई. घमेल्यात झेंडू, ओल्या फडक्यात मोगरा, मांडीवर दोऱ्याचं रीळ, आणि तिची ती लांब सुई. पिवळा, केशरी, पिवळा, केशरी, मधे एक पान. डोळे फुलांवर, कान माझ्याकडे. मी वाचत जायची आणि मला न बघता कळायचं की मामीला संशय कोणाचा आलाय, कारण तेवढ्यापुरती सुई थांबायची. आणि खून जवळ आला की सुई धावायची. फुलं अशी दाबून दाबून बसायची की मामाजी संध्याकाळी हार उचलायचे, हातात तोलून बघायचे आणि विचारायचे, आज किती मुडदे पडले व? एकदा एका नवरदेवाला तीन खुनांचा हार गेला होता. मामाजी सांगत होते, मांडवात त्याची मानच वर होईना.

पुस्तकांना कव्हरं नसायची. वाचनालयानं सगळी खाकी पुठ्ठ्यात बांधून टाकलेली, पाठीवर शाईनं नंबर. त्यामुळे नावं आम्हाला कधी कळलीच नाहीत. आम्ही नंबरानं बोलायचो. सत्तावन्नमधला डॉक्टर नालायक होता. एक्क्याऐंशीमधली बाई मात्र बिचारी. लोक पुस्तकांवर बोलतात तेव्हा मोठी मोठी नावं घेतात आणि मी गप्प बसते, कारण मी तोंड उघडलं तर 'एक्क्याऐंशी वाचलंय का?' एवढंच विचारू शकते.

आणि पिक्चर! ते राहिलंच. दुपारी तीनला केबलवाला आपल्या लोकल चॅनलवर भुताचे पिक्चर लावायचा. खाली साडी सेंटरची जाहिरात सरकत असायची, वर बर्फाच्या डोंगरातला एक बंगला, आणि त्यात हातात कंदील घेऊन हिंडणारी पांढऱ्या साडीतली बाई. मी उशीमागे. मामी सुई-दोऱ्यासह एकदम समोर. तिला भेव म्हणून नाही. तिला काळजी. "येवढ्या थंडीत पातळ साडीवर फिरून राहिली," ती म्हणायची, "घरच्यांनं स्वेटर द्याले नको का." बंगल्यातला म्हातारा नोकर कंदील वर करायचा, दार करकरायचं, दाराच्या फटीतून हात यायचा, आणि लाइट जायची.

लोडशेडिंग. रोज. त्याच सुमाराला. टीव्ही गेला, कूलर गेला, एकदम अशी शांतता की घमेल्यातली फुलं ऐकू यावीत. मला रडू यायचं, भीतीनं नाही, की आता शेवट कळणार नाही म्हणून. मग मामी फुलांवर पाण्याचा हात फिरवायची, पुठ्ठ्यानं मला वारा घालायची आणि पिक्चर पुढे सांगायची. तिनं तो आधी पाहिलेला नसायचा, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. तिचा शेवट नेहमी एकाच वळणानं यायचा. सगळे पळून जायचे, आणि कोणीतरी एक जण, बहुतेक घरातली सर्वात लहान पोरगी, मागे राहायची आणि त्या भुताला विचारायची, बाई, तुले काय पाह्यजे?

"अन मंग ती म्हने," मामी आवाज अगदी खाली आणायची, "पानी. शंभर वर्षं झाली, लोक मले पाहून पळतेत, तांब्याभर पानी कोनी देत नाई."

पोरगी पाणी द्यायची. बाई प्यायची. आणि जायची. बस. मला भुतांची भीती वाटत नाही, अजूनही नाही, होस्टेलवर सगळ्या पोरी किंचाळायच्या तेव्हा मला तहान लागायची.

आता नंबर एकशे बारा. श्वास घ्या.

एकशे बारामध्ये एक रावसाहेब, एक बंगला, एक दुपार. रावसाहेब अभ्यासिकेत मरून पडलेले. घरात बायको, स्वयंपाकीण, मॅनेजर. आणि तिसऱ्या प्रकरणात एक वाक्य, जे मला आजही तोंडपाठ आहे: 'त्या दिवशी रावसाहेबांचा पुतण्या बंगल्यावर येऊन राहिला होता.'

मी वाचलं. मामीची सुई हललीसुद्धा नाही. पुतण्या सुटला. आमच्या यादीतून तो पहिला बाद, कारण तो तर तिथे नव्हताच, तो येऊन राहिला होता. रस्त्यात होता. (ज्यांना कळलं त्यांनी कृपया गप्प बसा. ज्यांना नाही कळलं ते माझे.) मामीला तर त्याची दयाच आली. इकडे काका मेला अन याले पत्ता नाई, म्हणाली, धारणीच्या बाजूनं येत असन, तिकडे बस फसली की फसली, बसला असन बिचारा घाटात डबा खात. पुढच्या प्रकरणात तो दिवाणखान्यात चहा पिताना दिसला तेव्हा मामी हायसं वाटून म्हणाली, पोचला वाटते.

आम्ही मॅनेजरला धरून ठेवलं होतं. सगळं जुळत होतं. आणि शेवटच्या पानावर इन्स्पेक्टर वळतो आणि पुतण्याकडे बोट दाखवतो.

मी ते वाक्य दोनदा वाचलं. मामीनं सुई घमेल्याच्या कडेला टेकवली. इतका अपमान मी तिच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता, मामाजी लग्नाच्या ऑर्डरीत एक हार विसरून आले तेव्हाही नाही. मग ती उठली, मामाजींच्या वहीतली पेन्सिल आणली आणि वाचनालयाच्या पुस्तकात, शेवटच्या कोऱ्या पानावर, ठळक अक्षरात लिहिलं: 'सावधान. लेखकानं फसवलं आहे. पुतण्या तर रस्त्यात होता.'

पुढच्या मेमध्ये आम्ही मुद्दाम एकशे बारा परत आणलं, कोणी काही उत्तर दिलंय का बघायला. दिलं होतं! मामीच्या खाली वेगवेगळ्या शाईत चार-पाच जणांनी लिहिलं होतं. 'बरोबर.' 'आमीबी फसलो.' 'लेखकाले पत्र टाका.' एकानं तर बसचं वेळापत्रक मांडून दाखवलं होतं. अख्खं अकोला आमच्या बाजूनं होतं. फक्त सर्वात खाली, बारीक, टाकानं लिहिल्यासारख्या रेखीव अक्षरात कोणीतरी दोनच शब्द लिहिले होते: 'पुन्हा वाचा.'

मामी म्हणाली, हा लेखकाचा मानूस असन.

मग मी मोठी झाले. कंटाळवाणा भाग आहे, पटकन सांगते. कॉलेज अमरावतीला, नोकरी पुण्याला. ग्राहकांच्या तक्रारींना चॅटवर उत्तरं देते, म्हणून बोटं अशी पळतात. दिवसभर टाइप करते की आम्ही लवकरच आपल्याशी संपर्क साधू. पहिल्याच आठवड्यात रूममेटनं डब्यासाठी हाक मारली, मी म्हटलं, थांब, मी आंघोळ करून राहिली. तिनं विचारलं, आंघोळ करून कुठे राहिलीस? आम्ही दोघी हसलो. मग मी हळूहळू 'करतेय', 'येतेय' शिकले. ऑफिसात 'येतेय', आईला आणि मामीला 'येऊन राहिली'. दोन खिशात दोन भाषा. आणि तरी, विश्वास ठेवा, तरी मला एकशे बारा आठवलं नाही.

मामी फोन करायची. मे आला की विचारायची, येतं का व ह्या वर्षी? मी म्हणायची, येऊनच राहिली मामी, सुट्टी मिळाली की. पहिल्या वर्षी खरंच नवीन नोकरी होती. दुसऱ्या वर्षी मैत्रिणींबरोबर कोकणात गेले. तिसऱ्या वर्षी काहीच कारण नव्हतं, नुसतं राहून गेलं, आणि ते सगळ्यात वाईट आहे.

मी स्वतःला भारी डिटेक्टिव्ह समजायची ना. आता बघा माझी अक्कल. मामी आधी मेसेज लिहायची, मग नुसते आवाज रेकॉर्ड करून पाठवायला लागली. मला वाटलं, शिकली नवीन काहीतरी. पुस्तकं वाचतेस का विचारलं तर म्हणाली, आजकालच्या पुस्तकात दम नाई. मी म्हटलं, खरंय. मागच्या दिवाळीला तिनं हाराचा फोटो पाठवला. मी त्यावर बदाम टाकला. तो फोटो मी परवा पुन्हा उघडून बघितला. पिवळा, केशरी, पिवळा, पिवळा, पिवळा, केशरी, केशरी. माझ्या मामीचा हार. वीस वर्षांत जिचा एक झेंडू चुकला नाही तिचा. पुरावा माझ्या हातात होता, मी त्यावर बदाम टाकून पुढे गेले.

शेवटी मामाजींचा फोन आला. ते कधी फोन करत नाहीत. हवापाणी विचारलं, मग म्हणाले, तुया मामीनं गिऱ्हाईकाच्या हारात रंग चुकवले, मी काही बोललो नाई तिले. मग म्हणाले, डॉक्टरनं दोन वर्षांआधीच सांगतलं होतं डोळ्याचं. ते म्हने, प्राजू येऊन राहिली, ते आली की करू.

ते म्हणजे ती, आणि प्राजू म्हणजे मी. आमच्याकडे बाईला प्रेमानं 'ते' म्हणतात.

मी त्याच आठवड्यात निघाले.

ऑपरेशनच्या सकाळी मामी घाबरली होती. भुतांना स्वेटर शोधणारी बाई. माझं मनगट धरून बसली होती आणि विचारत होती, डोळा उघडा ठेवूनच करतेत का? मी म्हटलं, मी आहे ना. म्हटल्यावर माझं मलाच कसंतरी झालं, कारण त्याआधी तीन वर्षं मी नुसतं 'येऊनच राहिली' म्हणत होते.

आता नियम असे: वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही, शेगडीच्या धुरात नाही, जोरात हसायचं-खोकायचं नाही, आणि थेंब. काळा चष्मा घालून, पाय लांब करून मामी दिवाणावर बसते आणि हात रिकामे म्हणून चिडते. म्हणून मी परवा लॅपटॉपवर तो बर्फातल्या बंगल्याचा पिक्चर शोधून लावला. अख्खा. बारा वर्षांनी, लाइट न जाता. ती डोळे मिटून ऐकत होती आणि मी चित्र सांगत होते: आता कंदील वर केला, आता दार, आता हात. आणि मग आला तो शेवट, जो आम्ही कधी पाहिलाच नव्हता. त्या बाईला जाळून टाकतात हो. नुसतं संगीत वाजतं, एक शब्द नाही, आणि ती साडी पेट घेते, सगळे बघत उभे.

"काय होऊन राहिलं?" मामीनं विचारलं.

मी म्हटलं, एक पोरगी पुढे आली मामी, हातात तांब्या आहे.

मामी थोडा वेळ ते संगीत ऐकत राहिली. "तांब्या कोनता?"

"पितळी."

"मंग ठीक."

तिला कळलं. तिला सगळं कळतं. तिनं फक्त पायावरची चादर सारखी केली.

काल मी वाचनालयात गेले. आता तिथे स्पर्धा परीक्षेची पोरं बसतात, रहस्यकथा मागच्या कपाटात, कुलूपसुद्धा नाही, नेतंच कोण. एकशे बारा होतं. पुठ्ठा सुटलेला, पण मागचं पान शाबूत. सावधान, बरोबर, आमीबी फसलो, सगळी मंडळी जागच्या जागी. आणि ते रेखीव अक्षर. आणि आज दुपारी जेवणं झाल्यावर मी मामीजवळ खाली बसून वाचायला घेतलं. गोणीवर पाणी मारलेलं, कूलर चालू, मामाजींनी मोगऱ्याचं फडकं ठेवून दिलेलं, तिच्या हाताला चाळा म्हणून. मोगऱ्याला डोळे लागत नाहीत, ती बोटांनीच ओवते.

तिसरं प्रकरण. 'त्या दिवशी रावसाहेबांचा पुतण्या बंगल्यावर येऊन राहिला होता.'

आणि मी थांबले. कारण ते वाक्य माझ्या तोंडून ह्या वेळी दुसऱ्याच खिशातून निघालं. पुण्याच्या. मला रूममेटचा आवाज ऐकू आला, आंघोळ करून कुठे राहिलीस? येऊन. राहिला. होता. आला होता आणि तिथेच मुक्कामाला होता! खुनाच्या वेळी घरातच! पाहुणा म्हणून! लेखकानं उजेडात, सरळ मराठीत, तिसऱ्याच प्रकरणात सांगून टाकलं होतं, आणि अख्ख्या अकोल्यानं त्याला बसमधे बसवून ठेवलं होतं!

"थांबली काहून?"

मी म्हटलं, मामी, तो पोहोचला होता. आणि सांगितलं. तिकडे 'येऊन राहिला' म्हणजे वाटेत नाही, म्हणजे आला आणि राहिला. मामी ऐकत होती. सुई हातात तशीच. काळ्या चष्म्यामुळे मला तिचे डोळे दिसत नव्हते.

"म्हंजे बारा वर्षं," ती सावकाश म्हणाली, "मी त्याले घाटात डबा खात बसवला."

आणि हसायला लागली. हसायचं नाहीये, टाके नसले तरी जोर पडायला नको, म्हणून मी तिचे खांदे धरले तर ती माझ्यासकट हलायला लागली, मी म्हणतेय मामी नको, डोळा, आणि मलाच थांबवता येत नव्हतं. मोगरा सगळा गादीवर. ती म्हणाली, अन ते 'पुन्हा वाचा' लिहिनारी, ते पुन्याची सून असन पाह्य इथं दिलेली, किती हसली असन आपल्याले.

मग हसू उतरलं. कूलरचं पाणी ठिबकत होतं. मामीनं माझ्या हातावर हात ठेवला आणि अगदी सहज, चिडून नाही, खरंच कुतूहल असल्यासारखं विचारलं,

"अन तू व? तू तीन वर्षं कोनत्या बसमधे होती?"

चारची थेंबांची वेळ झाली होती. मी थेंब घातले. एक तिच्या गालावर ओघळला, तो मी पुसला. मग तिनं मला पेन्सिल आणायला लावली आणि मागच्या पानावर सर्वात खाली माझ्याकडून लिहून घेतलं: 'पुन्हा वाचलं. पुतण्या पोचला होता. चूक आमची.' सही मात्र स्वतः करीन म्हणाली. चष्मा कपाळावर केला, डावा डोळा बारीक करून कागद नाकाजवळ धरला आणि म्हणाली, रेघा दिसतेत. सही जरा वाकडी आली, अर्धी 'चूक आमची'वर चढली. पण तिनं ती पाहून केली, अंदाजानं नाही. मी शेजारीच होते, मी पाहिलं.

संध्याकाळी मामाजी आले. हात-पाय धुतले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, रविवारी स्टेशनवर सोडाले येऊ का. मी काही बोलायच्या आत मामीच म्हणाली, सोडून या, पोरीले काम असते तिकडे, दुसऱ्याचं आपन दिवाळीत पाहू.

मी आत गेले. ऑफिसातल्या ताईंना फोन लावला. म्हटलं, उजवा डोळा होईपर्यंत मी इथूनच काम करीन, इथे नेट येतं, लाइटही आता जात नाही फारशी. त्या म्हणाल्या, मे महिन्यात अकोल्यात राहणार? स्वतःहून? मी म्हटलं, हो. तिकीट रद्द केलं. दोन मिनिटांचं काम होतं. तीन वर्षं जे जमलं नाही ते दोन मिनिटांचं होतं, हे मला जन्मभर पुरेल.

बाहेर आले तर मामी गादीवरचा मोगरा चाचपून चाचपून गोळा करत होती.

"मामी," मी म्हटलं, "मी येऊन राहिली."

तिचा हात थांबला. सुई थांबावी तसा. एक कळी बोटात धरून ती आवाजाच्या दिशेनं वळली.

"आपल्यातलं का पुस्तकातलं?"

"पुस्तकातलं."

तिनं कळी ओवली, खाली ओढून नीट बसवली, आणि म्हणाली, मंग सकाळी डॉक्टरले फोन करजो, उजव्याची तारीख घेऊन टाकू.

हे सगळं आत्ताच झालं. मामी पलीकडे ओवतेय, मामाजी मधूनच तो हार उचलून बघतात, बहुतेक मुडदे मोजत असतील, आणि मी इथे धडाधड टाइप करतेय, चुका राहिल्या असतील तर असू द्या. मला फक्त एवढं सांगा, तुमचं झालंय का कधी असं? एखादं साधं वाक्य तुम्ही वर्षानुवर्षं आपल्या घरच्या कानानं ऐकलं आणि मग एका दुपारी ते उलटं होऊन समोर बसलं? आणि असं कोणी आहे का, ज्याला तुम्ही येऊनच राहिलो म्हणून सांगून ठेवलंय, आणि तुम्ही अजून घाटातच डबा खात बसलाय?